राउटरच्या फिल्टरमधली न लिहिलेली ओळ

नाशिकमध्ये अंबडच्या किंवा सातपूरच्या एमआयडीसीत मध्यम आकाराच्या कुठल्याही कारखान्यात गेलात की नेटवर्कचा पसारा साधारण सारखाच दिसतो. इंटरनेटच्या दोन लाइनी असतात, एक महागडी लीज्ड लाइन आणि एक स्वस्तातलं ब्रॉडबँड. आत ऑफिसचे कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, सीएनसी मशिनं आणि भेटायला येणाऱ्यांसाठी गेस्ट वाय-फाय. या सगळ्यांच्या मधोमध एक राउटर, आणि त्यात काय सोडायचं, काय अडवायचं याचे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले पंधरा-वीस नियम. या नियमांची यादी म्हणजे फिल्टर. ते कोणी लिहिले आणि कशासाठी, असं विचारलं की अकाउंट्सवाला स्टोअरवाल्याकडे बघतो आणि स्टोअरवाला छताकडे.

हे नियम वाचायचे कसे आणि लिहायचे कसे, ते इथे सांगतो. पण आधीच सांगून टाकतो: फिल्टर बिघडतो तो बहुतेक वेळा लिहिलेल्या नियमांमुळे नाही. ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्याचं काय करायचं हे राउटरने परस्पर ठरवलेलं असतं. ते काय ठरवलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. भानगड तिथे होते.

नेटवर्कवरची माहिती छोट्या तुकड्यांत जाते, तो एकेक तुकडा म्हणजे पॅकेट. राउटरला पॅकेटच्या आतला मजकूर सहसा कळत नाही. तो पाहतो फक्त वरची माहिती: कुठून आलं, कुठे चाललं, प्रोटोकॉल (संवादाची पद्धत) कोणता आणि पोर्ट (कोणत्या सेवेचं दार) कोणता. प्रोटोकॉलला क्रमांक असतात: अडचणींचे निरोप नेणाऱ्या आयसीएमपीचा १, टीसीपीचा ६, यूडीपीचा १७. पोर्टही तसेच, वेबसाठी ४४३, साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएससाठी ५३, लांबून राउटर चालवायच्या एसएसएचसाठी २२. एवढ्या सामग्रीवर त्याला निर्णय घ्यायचा असतो, तोही सेकंदाला हजारो वेळा.

२०१५च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहराच्या वेशीवर जे चाललं होतं ते आठवून पाहा. नाक्यावरचा पोलीस गाडीतल्या माणसांची चौकशी करत बसत नव्हता. गाडी कसली, कुठून आली, पास आहे का, एवढं बघून तो तीनपैकी एक करायचा: आत सोडायचा, मागे फिरवायचा, नाहीतर बाह्य वाहनतळाकडे वळवायचा, की पुढे बसने जा. फिल्टर म्हटलं की लोकांना पहिल्या दोनच गोष्टी आठवतात. तिसरी, म्हणजे ‘सोड, पण या वाटेने नको, त्या वाटेने’, ही राउटरवर तितकीच रोजची आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येऊच.

प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. हा नियम कशाला लागू, हा पहिला भाग. लागू झाला तर काय करायचं, हा दुसरा. राउटर बनवणाऱ्या तीन कंपन्या घेऊ. ज्युनिपरमध्ये पहिल्याला ‘फ्रॉम’ आणि दुसऱ्याला ‘देन’ म्हणतात आणि दोन्ही मिळून एक ‘टर्म’ होते. सिस्कोच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये ‘परमिट’ नाहीतर ‘डिनाय’ने ओळ सुरू होते आणि पुढे पत्ते येतात. मायक्रोटिकमध्ये विनबॉक्स या सेटिंगच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत खाने भरायचे आणि शेवटी ‘अ‍ॅक्शन’ निवडायची. दिसायला तिन्ही वेगळे, पण राउटर यादी वरून खाली वाचतो आणि निकाल देणारी जी ओळ पहिली जुळते तिथे थांबतो, हे तिघांतही सारखं.

आता आपल्या कारखान्याला पत्ते देऊ. ऑफिस १९२.१६८.१०.०/२४, कॅमेरे १९२.१६८.२०.०/२४, गेस्ट वाय-फाय १९२.१६८.३०.०/२४ आणि मशिनं १९२.१६८.४०.०/२४. इथे /२४ म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले, शेवटचा कोणताही; /१६ असेल तर पहिले दोनच ठरलेले. मालकांचं म्हणणं साधं आहे: पाहुण्यांना इंटरनेट द्या, पण आतलं काही दिसता कामा नये. मग गेस्टच्या इंटरफेसवर (राउटरच्या त्या बाजूच्या जोडणीवर), आत येणाऱ्या दिशेला, अशी यादी लिहायची:

१०. गेस्टकडून राउटरकडे डीएचसीपी (आयपी पत्ता मागणं) आणि डीएनएस: सोडा
२०. गेस्टकडून १९२.१६८.०.०/१६ कडे काहीही: अडवा
३०. गेस्टकडून कुठेही: सोडा

वीस आणि तीस यांची अदलाबदल केली तर काय होईल? तीसमध्ये सगळंच बसतं, त्यामुळे वीसपर्यंत कोणी पोचणारच नाही. राउटर चूक दाखवणार नाही, यादी शोभेपुरती तशीच राहील आणि पाहुण्याच्या लॅपटॉपवरून मशिनचा कंट्रोलर दिसत राहील. नेमका नियम वर आणि ढोबळ नियम खाली, ही सवय त्यासाठीच. क्रमांक दहा-दहाच्या अंतराने देतात तेही याचसाठी, म्हणजे उद्या मध्ये एखादी ओळ घुसवायची झाली तर जागा असते.

पहिल्या ओळीत एक गंमत लपलेली आहे. ‘गेस्टकडून’ असं मी लिहिलं, ते कॉन्फिगरेशनमध्ये ‘सोर्स १९२.१६८.३०.०/२४’ असं टाकलं तर बऱ्याच राउटरवर नव्या मोबाइलला आयपी मिळत नाही. ज्याला अजून पत्ताच मिळालेला नाही, तो तुमच्या पत्त्याच्या रेंजमधून कसा येईल? त्याचं पहिलं पॅकेट ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ कडे निघतं आणि कुठल्याच ओळीत बसत नाही. ज्या मोबाइलना आधी आयपी मिळालेला आहे ते मात्र आपल्या पत्त्यावरूनच नूतनीकरण मागतात, त्यामुळे त्यांचं चालू राहतं. म्हणून तक्रार येते ती अशी: ‘माझं चालतंय, साहेबांचं नाही.’ आणि सगळे वाय-फायला शिव्या घालतात.

सिस्कोवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. तिथल्या आयओएसमध्ये (ही सिस्कोच्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम, आयफोनची नव्हे) अ‍ॅक्सेस लिस्टला पत्त्याचा कोणता भाग ठरलेला ते सांगणारा नेहमीचा सबनेट मास्क चालत नाही, उलटा मास्क लागतो. म्हणजे २५५.२५५.२५५.० च्या जागी ०.०.०.२५५. जिथे शून्य तिथे आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, जिथे २५५ तिथे काहीही चालेल. सवयीने सरळ मास्क टाकला तर राउटर मुकाट्याने तो घेतो आणि त्याचा अर्थ लावतो ‘पहिले तीन आकडे कोणतेही, शेवटचा मात्र शून्यच’. शून्यावर संपणारा पत्ता वापरणारा माणूस तुमच्या कारखान्यात बहुधा नसतोच. म्हणजे अडवायची ओळ लिहिली, यादीत दिसतेय, पण ती अडवत कोणालाच नाही.

दिशा आणि उत्तरं

‘इन’ आणि ‘आउट’ हे राउटरच्या नजरेतून असतं. गेस्टच्या मोबाइलवरून निघालेलं पॅकेट राउटरच्या गेस्ट इंटरफेसमध्ये शिरतं, म्हणून ते ‘इन’. यूट्यूबचा व्हिडिओ त्या मोबाइलकडे जातो तेव्हा तो त्याच इंटरफेसमधून बाहेर पडतो, म्हणून ते ‘आउट’. हे ऐकायला सोपं आहे. पण पाहुण्यांना २० एमबीपीएसची मर्यादा घालायची म्हणून लोक ‘इन’ला मर्यादा लावतात आणि मग पाहुणे लाइन खातात ते खातातच. कारण अडवलं ते त्यांचं अपलोड. डाउनलोड दुसऱ्या दिशेने बेधडक चालू.

दुसरी गोष्ट उत्तरांची. साधा फिल्टर प्रत्येक पॅकेट सुटं पाहतो. आधी काय गेलं, हे कशाचं उत्तर आहे, याची त्याला आठवण नसते. आपल्या यादीत वीस नंबरची ओळ गेस्टकडून ऑफिसकडे जाणारं सगळं अडवते. आता ऑफिसातल्या माणसाने गेस्ट नेटवर्कमधल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं सेटिंग पान उघडायचा प्रयत्न केला. त्याची विनंती पोचते, अ‍ॅक्सेस पॉइंट उत्तर देतो आणि ते उत्तर वीस नंबरवर मरतं. ‘मी गेस्टला अडवलंय, ऑफिसला नाही’ हे तुम्हाला माहीत, राउटरला कसं कळणार?

सिस्कोमध्ये यावर ‘एस्टॅब्लिश्ड’ नावाचा उपाय आहे. टीसीपी पॅकेटवर एसीके किंवा आरएसटीची खूण असेल तर ते उत्तर मानून सोडायचं. चालतो, पण तो खरी आठवण ठेवत नाही, फक्त खूण बघतो, आणि ती खूण कोणीही बनवू शकतं. यूडीपीला तर अशी खूणच नसते. खरी आठवण ठेवणारा फिल्टर हवा असेल तर कनेक्शन ट्रॅकिंग लागतं. मायक्रोटिकमध्ये ते हाताशी असतं: ‘आधी सुरू झालेल्या संवादातलं पॅकेट सोडा’ ही ओळ सगळ्यात वर ठेवायची, की खालचे नियम फक्त नव्या संवादांपुरते उरतात. माझं मत विचाराल तर छोट्या कारखान्याला हाच मार्ग बरा. आठवण नसलेले फिल्टर वेगवान असतात, मोठ्या नेटवर्कच्या कण्यावर तेच शोभतात, पण ते लिहायला शिस्त लागते आणि ते लिहिणारा माणूस दर वर्षी बदलतो.

काहीच जुळलं नाही तर?

वरच्या तीन ओळींमधून तिसावी काढून टाका. आता डीएचसीपी, डीएनएस सोडा आणि आतलं अडवा, एवढंच उरलं. पाहुण्याने गुगल उघडलं तर?

सिस्कोवर आणि ज्युनिपरवर ते अडेल, कारण यादीच्या शेवटी ‘बाकी सगळं अडवा’ ही ओळ न लिहिताही असते. मायक्रोटिकवर ते सुटेल, कारण तिथे काहीच जुळलं नाही तर पॅकेट सोडून द्यायचं, असा रिवाज आहे. तीच दोन वाक्यं, निकाल उलटे. सिस्कोची सवय असलेल्या माणसाने मायक्रोटिक हातात घेतलं की तो सोडायच्या गोष्टी नीट लिहितो आणि उरलेलं आपोआप अडेल अशा भरवशावर निघून जातो. गावभर उघडे पडलेले डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे, बघितले की मला हे आधी आठवतं.

रिकाम्या यादीची तऱ्हा तर आणखी वेगळी. सिस्कोवर जी यादी अजून लिहिलीच नाही ती इंटरफेसला लावली तर सगळं सुटतं. तुम्ही निवांत असता. मग पहिली ओळ टाइप करता, एंटर दाबता आणि त्या क्षणी यादी ‘अस्तित्वात’ येते, तिच्या शेवटची अदृश्य ओळही जागी होते आणि तुमचं स्वतःचं एसएसएच तुटतं. म्हणून यादी आधी पूर्ण लिहायची आणि मगच लावायची. याच घराण्यातला आणखी एक त्रास: क्रमांक असलेल्या यादीतली एक ओळ जुन्या पद्धतीने ‘नो’ लावून पुसायला गेलात तर आख्खी यादी पुसली जाते. नाव दिलेल्या यादीत शिरून क्रमांकाने ओळ काढणं, हे सुरक्षित.

ज्युनिपरमध्ये बारकावा असा. कुठलीच टर्म जुळली नाही तर पॅकेट गुपचूप टाकलं जातं. पण टर्म जुळली आणि त्यात ‘सोडा’ किंवा ‘अडवा’ यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल, नुसतं ‘मोजा’ लिहिलं असेल, तर पॅकेट सुटतं आणि खालच्या टर्म वाचल्याच जात नाहीत. मोजून पुढे तपासत राहायचं असेल तर ‘नेक्स्ट टर्म’ असं स्पष्ट लिहावं लागतं. किती वाहतूक येतेय ते बघू म्हणून कोणी वरती एक मोजणी टर्म टाकतो आणि नकळत सगळं दार उघडतो.

आणि ‘फ्रॉम’च रिकामा असेल तर ती टर्म सगळ्यांनाच लागू होते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचं आहे आणि त्यांनी ते स्वतःच सविस्तर मांडलं. १७ जुलै २०२० रोजी अटलांटातला वाहतुकीचा ताण कमी करायचा म्हणून त्यांचे इंजिनिअर तिथल्या राउटरची राउटिंग पॉलिसी, म्हणजे वाट निवडायचे नियम, बदलत होते. पूर्ण टर्म बंद करायची होती, पण बंद केली गेली ती तिच्या आतली प्रीफिक्सची, म्हणजे पत्त्यांच्या गटांची, यादी. अट गेली, कृती राहिली. जो नियम ठरावीक पत्त्यांपुरता होता तो सगळ्या पत्त्यांना लागू झाला, अटलांटाची वाट सगळ्यांत चांगली म्हणून जाहीर झाली आणि त्यांच्या कण्यावरची वाहतूक तिकडे धावली. २७ मिनिटं हे चाललं आणि त्या काळात त्यांच्या नेटवर्कवरची वाहतूक जवळपास निम्म्यावर आली. पॉलिसी राउट्सची असो की पॅकेटची, रिकाम्या अटीचं वागणं तेच.

यावर माझा एकच आग्रह असतो: शेवटची ओळ लिहाच. ‘बाकी सगळं अडवा आणि मोजा’, नाहीतर ‘बाकी सगळं सोडा’, जे हवं ते. सिस्कोवर ती अदृश्य ओळ मोजणीतही दिसत नाही. लिहिलीत तर निदान आकडा दिसतो की किती पॅकेट तिथपर्यंत येऊन पडली.

अडवण्याच्याही तऱ्हा

अडवणं दोन प्रकारचं. ‘डिस्कार्ड’ किंवा ‘ड्रॉप’ म्हणजे पॅकेट गिळून गप्प बसायचं. ‘रिजेक्ट’ म्हणजे पाठवणाऱ्याला आयसीएमपीने कळवायचं की मनाई आहे. बाहेरून येणाऱ्या अनोळखी पॅकेटला पहिलं बरं, उत्तर देण्यात कशाला शक्ती घालवायची? आपल्याच माणसांना मात्र दुसरं द्यावं. ऑफिसातल्या मुलीने अडवलेली साइट उघडली तर ब्राउझर लगेच सांगतो, नाहीतर अर्धा मिनिट चक्र फिरत राहतं आणि तुम्हाला फोन येतो की नेट स्लो आहे.

वेगमर्यादेचं काम ‘पोलिसर’ करतो. मर्यादेवरचं पॅकेट तो रांगेत ठेवत नाही, फेकतो. त्याला बर्स्ट, म्हणजे क्षणभर किती जास्त चालेल, हा आकडाही द्यावा लागतो. तो फार लहान ठेवला तर २० एमबीपीएस लिहूनही हातात त्याहून बरंच कमी पडतं, कारण पॅकेट हरवलं की टीसीपी घाबरून वेग पाडतो. लॉग लिहिणं हीसुद्धा एक कृती आहे, पण गजबजलेल्या ओळीला लॉग लावू नका, राउटरचा प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. डीएससीपीची खूण करून फोनच्या पॅकेटला प्राधान्य देता येतं, ते तुमच्या आवारात उपयोगी आहे. साध्या इंटरनेट लाइनवर बाहेर पडल्यावर त्या खुणेला कोणी विचारेल अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्या वाटेने पाठवणं

आता ते वाहनतळाकडे वळवणं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं आणि लीज्ड लाइन भरून टाकते. त्यामुळे ईआरपी, म्हणजे कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर, रांगायला लागतं. मालक म्हणतात, कॅमेरे ब्रॉडबँडवर टाका. नेहमीचं राउटिंग फक्त ‘कुठे चाललं’ हे पाहतं, ‘कुठून आलं’ हे नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. सिस्को तिला पॉलिसी बेस्ड राउटिंग म्हणतं, ज्युनिपर फिल्टर बेस्ड फॉरवर्डिंग, मायक्रोटिकमध्ये मँगल नावाच्या यादीतून पॅकेटवर राउटिंग मार्क, म्हणजे वाटेची खूण, देतात. मर्म एकच: सोर्स १९२.१६८.२०.०/२४ असेल तर नेक्स्ट-हॉप, म्हणजे पुढचा टप्पा, ब्रॉडबँडचा.

एवढंच लिहून लावलंत, की दहा मिनिटांत सिक्युरिटी केबिनमधून ओरड येते: कॅमेरे दिसत नाहीत! कारण ऑफिस नेटवर्कमधल्या स्क्रीनने मागितलेलं चित्रसुद्धा कॅमेऱ्याकडूनच निघतं. त्याचाही सोर्स १९२.१६८.२०.०/२४, त्यामुळे राउटर तेही ब्रॉडबँडकडे ढकलतो आणि चित्र इंटरनेटवर निघून जातं. म्हणून वर एक ओळ हवी: कॅमेऱ्यांकडून आतल्या पत्त्यांकडे जाणारं नेहमीच्याच वाटेने जाऊ द्या. सिस्कोच्या राउट-मॅपमध्ये (वाट ठरवणाऱ्या नियमांच्या यादीत) ही ओळ ‘डिनाय’ने लिहितात आणि नवखा माणूस दचकतो. पण राउट-मॅप पॉलिसी राउटिंगला लावलेला असतो तेव्हा ‘डिनाय’ म्हणजे फेका असं नसतं, माझा खास नियम लावू नका, नेहमीच्या टेबलने जा, एवढंच. इथे न जुळलेल्या पॅकेटचंही तेच होतं. फिल्टरच्या शेवटी नकार असतो आणि राउट-मॅपच्या शेवटी नेहमीची वाट. शब्द तोच, परिणाम वेगळा.

दुसरा प्रश्न लाइन पडल्यावरचा. नाशिकमध्ये रस्त्याचं खोदकाम काही नवं नाही, आणि आता सिंहस्थाच्या तयारीत तर जेसीबी दिसला की फायबरवाल्यांच्या पोटात गोळा येतो. केबल तुटते ती बाहेर कुठेतरी, पण तुमच्या राउटरपासून ब्रॉडबँडच्या ओएनटीपर्यंतची (फायबरच्या डब्यापर्यंतची) दोन हातांची वायर शाबूत असते. लिंकचा हिरवा दिवा लागलेला. राउटरला वाटतं नेक्स्ट-हॉप जिवंत आहे आणि तो इमानेइतबारे कॅमेऱ्यांची पॅकेट त्या विहिरीत टाकत राहतो. पॉलिसीच्या नेक्स्ट-हॉपला म्हणून चाचणी जोडावी लागते: त्या लाइनमधूनच बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करायचं, उत्तर बंद झालं की नियम बाजूला ठेवायचा. सिस्कोमध्ये आयपी एसएलए आणि ट्रॅक, मायक्रोटिकमध्ये नेटवॉच. चाचणीचं पिंग त्याच लाइनमधून जातंय याची खात्री करा. ते लीज्ड लाइनने गेलं तर ब्रॉडबँड मेलेलं असतानाही ‘सगळं ठीक’ म्हणत राहील. राउटरची स्वतःची पॅकेट इंटरफेसवर लावलेल्या पॉलिसीतून सहसा जात नाहीत, त्यामुळे ही गफलत सहज होते.

मग नॅट, म्हणजे बाहेर जाताना आतल्या पत्त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता चढवणं. ब्रॉडबँडमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर ब्रॉडबँडचाच पत्ता चढला पाहिजे. लीज्ड लाइनचा पत्ता लावून ते ब्रॉडबँडमधून पाठवलंत तर सेवा देणारी कंपनी ते टाकून देऊ शकते, आणि तिचं बरोबरच आहे. दुसऱ्याचा पत्ता लावून पॅकेट पाठवणं ही हल्लेखोरांची जुनी युक्ती, आणि असली पॅकेट वेशीवरच अडवा असं आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने मे २००० मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्याही राउटरने ते करावं: बाहेर जाणाऱ्या दिशेला, आपल्या पत्त्याचं नसलेलं काहीही सोडू नये.

मायक्रोटिकवाल्यांना जाता जाता: फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे काढायची सोय) चालू असेल तर त्यातली पॅकेट मँगलला वळसा घालून जातात. कॅमेरे कधी ब्रॉडबँडने, कधी लीज्ड लाइनने जातात असं दिसलं तर आधी ती ओळ बघा. कॅमेऱ्यांचं कनेक्शन फास्टट्रॅकमधून वगळायचं.

बाहेरून डीव्हीआर बघायला पोर्ट फॉरवर्ड केलेला (बाहेरून आलेलं पॅकेट आत त्याच्याकडे वळवलेलं) असतो, त्याचं गणितही राउटरप्रमाणे बदलतं. सिस्कोवर बाहेरच्या इंटरफेसची ‘इन’ यादी नॅटच्या आधी वाचली जाते, म्हणून तिथे सार्वजनिक पत्ता लिहायचा. मायक्रोटिकच्या फॉरवर्ड साखळीपर्यंत (आरपार जाणाऱ्या पॅकेटच्या यादीपर्यंत) पॅकेट येतं तेव्हा पत्ता बदललेला असतो, तिथे आतला पत्ता लिहायचा. खरं तर डीव्हीआर असा उघडा ठेवूच नये, व्हीपीएन घ्यावं, पण हे सांगून ऐकणारा मालक अजून क्वचितच भेटतो.

‘सुरक्षेसाठी आयसीएमपी सगळं बंद’ हा एक जुना हट्ट. तो सोडा. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडायच्या पद्धतीवर) असेल तर त्यातून १५०० नाही, १४९२ बाइटचंच पॅकेट जातं. मोठं पॅकेट आलं की वाटेतला राउटर आयसीएमपी टाइप ३, कोड ४ पाठवून कळवतो, बाबा रे, लहान कर. तो निरोपच तुम्ही अडवलात तर लॉगिनचं पान उघडतं, पण जीएसटीचं मोठं फाइल अपलोड मध्येच गोठतं. कारण शोधायला दिवस जातो.

स्वतःच बाहेर अडकणं

आतापर्यंतचे नियम राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटचे. राउटरकडे येणाऱ्या पॅकेटची यादी वेगळी: ज्युनिपरमध्ये ती लूपबॅक या राउटरच्या आतल्या इंटरफेसला लागते, सिस्कोमध्ये लांबून लॉगिन करायच्या व्हीटीवाय लाइनींना, मायक्रोटिकमध्ये ‘इनपुट’ साखळीत. मायक्रोटिकवर ही साखळी रिकामी असेल तर पुन्हा तेच, सगळं सुटतं. २०१८ मध्ये विनबॉक्समधल्या त्रुटीमुळे बाहेरच्याला पासवर्ड वाचता येत होते. कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुरुस्ती दिली होती, तरी अपडेट न केलेले आणि विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट जगाला उघडा ठेवलेले कितीतरी राउटर नंतर हल्लेखोरांच्या हाती गेले.

उलट टोकही आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कवर फ्लोस्पेकमधून, म्हणजे बीजीपीवरूनच (राउटरनी एकमेकांना वाटा कळवायच्या पद्धतीवरूनच) सगळ्या राउटरना एकदम फिल्टर वाटायच्या यंत्रणेतून, एक चुकीचा नियम गेला. त्या नियमाने बीजीपीचीच जोडणी नीट होऊ दिली नाही. ज्या रस्त्याने नियम आला, मागेही तो त्याच रस्त्याने घ्यायचा होता. काही तास इंटरनेटचा मोठा भाग अडखळला.

आपल्याकडे हेच लहान प्रमाणावर होतं. तुम्ही नाशिकरोडला घरी बसून सिन्नरच्या प्लांटचा राउटर बदलताय. एक ओळ चुकली की एसएसएच गेलं, आणि मग रात्री गाडी काढा. त्यावर प्रत्येक राउटरकडे तोडगा आहे आणि तो न वापरणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ द्या: दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा होकार दिला नाही तर जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं. सिस्कोमध्ये आधी ‘रीलोड इन १०’ लावा, बदल सेव्ह न करता पाहा, जमलं की रीलोड रद्द करा आणि मग सेव्ह करा. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड: तुमचं कनेक्शन तुटलं की त्या बैठकीतले बदल मागे जातात.

लावून झाल्यावर काउंटर, म्हणजे प्रत्येक ओळीला किती पॅकेट जुळली ते आकडे, बघायचे. ज्या ओळीचा आकडा आठवड्यानंतरही शून्य आहे, तिथे क्रम चुकलाय, दिशा चुकलीय, मास्क उलटा पडलाय, किंवा तसली वाहतूकच नाहीये. यांतलं नेमकं कोणतं ते शोधून काढल्याशिवाय ती ओळ तशीच सोडू नका.

आणि हे सगळं आयपीव्ही४ चं, म्हणजे चार आकड्यांच्या पत्त्यांचं, झालं. ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ (नवी, लांब पत्त्यांची पद्धत) चालू असेल तर त्याला वरच्या यादीतला एकही नियम लागू होत नाही, त्याची यादी वेगळी लिहावी लागते. तिथे सहसा नॅटचा आडोसाही नसतो, कॅमेऱ्याला थेट जगभर पोचणारा पत्ता मिळू शकतो. ती यादी लिहिताना आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नका. टाइप १३३ ते १३६ वर शेजारच्या यंत्रांची आणि राउटरची ओळख चालते, ते गेलं की आयपीव्ही६ च बंद पडतं. टाइप २ म्हणजे तोच ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप. बाहेरून तपासायचं असेल तर फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर जा, तिथे आयपीव्ही६ आता सर्रास मिळतं, आणि ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आयपीव्ही६ पत्ता चौकटी कंसात टाका. लॉगिनचं पान उघडलं, तर दुसरी यादी अजून कोणी लिहिलेली नाही.